उत्तनला आमच्या घरी राहायला येण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर ठाण्याचं, तलावपाळीजवळच्या चर्चच्या आसपासचं. लग्न होऊन उत्तनला आले, त्याला आता बावीस वर्षं झाली. सासरे होते तोवर घरची बोट ते आणि त्यांचे भाऊ चालवायचे. आता माझे यजमान आणि धाकटे दीर चालवतात. घर वाढवलं तेव्हा वरच्या मजल्यावर तीन खोल्या काढल्या आणि त्या पाहुण्यांना द्यायला लागलो. येणारी बहुतेक माणसं ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळकडची, लेकराबाळांसकट. फोनवर सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, आणि बोट आलेली असली की मला फोनवर नीट बोलता येत नाही. म्हणून एकदा निवांत बसून सगळं लिहून काढलं आहे. आधी हे वाचा, मग फोन करा.

उत्तन हे खरंच बेट आहे का? गाडी तर थेट येते.

बेटच आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला मनोरीची खाडी आणि मिठागरं. उत्तन, पाली, चौक, डोंगरी, गोराई, मनोरी ही सगळी गावं या एका पट्ट्यावर आहेत. याचं जुनं नाव धारावी बेट. मुंबईतल्या धारावीशी त्याचा काही संबंध नाही. नाव ऐकून काही जण गोंधळतात म्हणून सांगते. आमचा जिल्हा ठाणे, महानगरपालिका मिरा-भाईंदर.

भाईंदरहून डांबरी रस्ता आल्यापासून बेटपण चटकन जाणवत नाही. पण मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे टाकून पुढे या आणि वेळ भरतीची असेल तर गाडीच्या काचा खाली करा. मिठागरांतलं आणि खाडीचं पाणी दिसतं, वारा एकदम खारा होतो. तिथून पुढे आमचं गाव.

ठाण्याच्या मंडळींना मी आणखी एक सांगते. तुमचं जुनं ठाणं शहरसुद्धा साष्टी बेटावरच वसलेलं आहे. कळव्याचा पूल ओलांडला की साष्टी संपते. तलावपाळीवर लहानाची मोठी झालेल्या मला हे उत्तनला आल्यावर सासऱ्यांनी सांगितलं, तोवर कधी डोक्यात आलं नव्हतं.

ठाण्याहून कसं यायचं? आणि नवी मुंबईहून?

स्वतःची गाडी असेल तर घोडबंदर रस्त्याने गायमुख, काशीमिरा, मग गोल्डन नेस्ट चौकावरून उड्डाणपूल ओलांडून भाईंदर पश्चिम, आणि तिथून उत्तनचा रस्ता. भाईंदर स्टेशनपासून आमचं गाव साधारण ८ किलोमीटर. अंतर फार नाही, पण गायमुखच्या घाटात गाड्या अडकल्या की तास-दीड तास तिथेच जातो. शनिवारी येणार असाल तर सकाळी सातच्या आत घोडबंदर रस्त्याला लागा. परत जाताना रविवारी संध्याकाळी निघू नका. जेवून रात्री निघा, नाहीतर सोमवारी पहाटे. पहाटे निघणाऱ्यांना मी चहा आणि भाकरी देते.

लोकलने यायचं तर ठाण्याहून दादरला या आणि पश्चिम रेल्वेची भाईंदर किंवा विरार गाडी धरा. मुलं आणि सामान घेऊन संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये चढू नका. भाईंदरला उतरताना हाल होतात. नवी मुंबईकरांना दोन वाटा आहेत. एक, ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन तिथून रस्त्याने. दुसरी, हार्बरने वडाळ्याला बदलून अंधेरी किंवा गोरेगाव, आणि तिथून भाईंदरची गाडी. सामान कमी असेल तर दुसरी वाट बरी.

भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला महापालिकेची उत्तनची बस मिळते, रिक्षाही मिळतात. बोरिवलीकडून येणाऱ्यांनी गोराईच्या खाडीवरून बोटीने पलीकडे येऊन रिक्षा केली तर मुलांना मजा येते. तेवढ्यापुरतं का होईना, बेटावर बोटीने आल्यासारखं होतं.

समुद्र घरासमोर आहे ना? मुलांना पोहता येईल का?

समुद्र समोर आहे. पोहता येणार नाही. फोनवर हे सांगितलं की काही जण बुकिंगच करत नाहीत, आणि ते मला चालतं.

आमचा किनारा पुळणीचा नाही. खडक, चिखल, मधेमधे वाळू, आणि नांगरलेल्या बोटींचे दोर. पाण्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही. खडकावर कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. एकदा पाय कापला की आठ दिवस भरत नाही. आमची स्वतःची मुलंसुद्धा इथे पोहायला शिकली नाहीत, ती गावातल्या विहिरीत शिकली.

पण खरी भीती पाण्याच्या वेगाची आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याचं एक कुटुंब आलं होतं, आई-वडील आणि दोन मुली. पौर्णिमा होती. पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमारास भरती असते, म्हणजे संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी. पाणी लांब मागे गेलेलं, खडक सगळे उघडे पडलेले, खेकडे पळताहेत, शंख-शिंपले दिसताहेत. वडील मुलींना घेऊन पार टोकाच्या खडकापर्यंत गेले. सूर्य मावळला, मागून चंद्र वर आला, चांदणं छान पडलं म्हणून ते तिथेच बसून राहिले. समोरचं पाणी अजून लांबच दिसत होतं. त्यांना ठाऊक नव्हतं की टोकाचा खडक आणि किनारा यांच्या मधे एक घळ आहे, आणि पाणी चढायला लागलं की ती आधी भरते. पावणेआठला माझ्या सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, ती माणसं अजून खडकावरच आहेत!" दीर धावत गेले तेव्हा घळीत छातीएवढं पाणी होतं आणि ओढ सुरू झाली होती. धाकटीला त्यांनी खांद्यावर घेतलं, मोठीला वडिलांनी धरलं, मधे दोर लावून सगळे आले. कोणाला काही झालं नाही. पण त्या रात्री त्या मुलींची आई जेवली नाही. मुलींना दोन्ही बाजूंना घेऊन नुसती बसून होती.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नियम आहे. पाहुण्यांनी खडकावर जायचं ते घरातलं कोणीतरी बरोबर असतानाच, आणि "चला" म्हटलं की लगेच निघायचं. हा नियम मोठ्या माणसांनाही आहे.

मग समुद्राचं करायचं काय?

ओहोटीला आमच्याबरोबर खडकावर फिरायचं. डबक्यांत अडकलेले छोटे मासे, खेकडे, खुबे, पाण्यात मिटणारी समुद्रफुलं मुलांना दाखवते. हात लावून बघायचं आणि जिथलं तिथे ठेवायचं. भरतीला ओट्यावर बसून पाणी चढताना बघायचं. मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाच्या भरतीत आणि ओहोटीत साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. सकाळी जिथे कोरड्या दगडावर बसला होतात, तिथे दुपारी दोन माणसं बुडतील एवढं पाणी असतं. हे आपल्या डोळ्यांनी पाहिलेली मुलं पुढे कुठल्याही किनाऱ्यावर गेली तरी पाण्याशी जपून वागतात, असा माझा अनुभव आहे.

भरती-ओहोटीची वेळ आधी कशी कळेल?

मोबाइलवर तक्ते मिळतात. पण आमच्याकडे आलात तर कालनिर्णयावरून काढायला शिकवते, पोरं दोन मिनिटांत शिकतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण किनाऱ्यावर जायचं की नाही हे ठरवायला पुरतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी फार हलत नाही. खडक बघायचे असतील तर उधाणाचे दिवस धरून या. आणि वर सांगितलेली गोष्ट नीट लक्षात ठेवा: उधाणाची ओहोटी संध्याकाळी सहाला येते, नंतर पाणी परत येतं ते अंधारात.

खोल्या कशा आहेत?

तीन खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र संडास-न्हाणीघर. दोन खोल्यांत चार-चार माणसं, एकीत दोन. एसी एकाच खोलीत आहे. बाकीच्या दोन समुद्राच्या बाजूला आहेत, खिडक्या उघडल्या की पंखाही लागत नाही; मे महिना सोडून. नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं, आम्ही टाकीत भरून ठेवतो, म्हणून बादलीने आंघोळ करा. गरम पाणी सकाळी मिळेल. टीव्ही खोल्यांत नाही. वायफाय नाही, मोबाइलला रेंज आहे.

सामायिक व्हरांडा आहे. माझ्या मते घरातली सगळ्यात चांगली जागा तीच.

आजी-आजोबांना घेऊन आलो तर?

खोल्या वर आहेत, चौदा पायऱ्या चढाव्या लागतात, एका बाजूला कठडा आहे. गुडघ्यांचं दुखणं असेल तर आधी सांगा, खालची आमची मधली खोली मोकळी करून देतो. कमोड तिथेही आहे. मागच्या नाताळात ऐरोलीच्या एक आजी चार दिवस खालीच राहिल्या आणि माझ्या सासूबाईंबरोबर अख्खी दुपार कोलंबी सोलत बसायच्या. जाताना दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं.

जेवणाचं काय?

तिन्ही वेळचं घरचं. काय मिळेल ते बोट काय आणते यावर ठरतं, म्हणून आदल्या दिवशी मेनू सांगता येत नाही. पापलेट हवंच म्हणून हट्ट धरू नका. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, पण त्याचा मान राखायचा तर त्याला वाढू दिलं पाहिजे. हाताच्या पंजाहून लहान पापलेट आमच्या चुलीवर चढत नाही, कोणी कितीही पैसे दिले तरी.

उत्तनला यायचं ते बोंबलासाठी. ऑक्टोबरपासून थंडीत ओला बोंबील भरपूर येतो. हॉटेलात मिळतो तो पिठाच्या जाड आवरणातला. इथे तसा नसतो. बोंबील अंगानेच पाणीदार. साफ करून, मधोमध चिरून उघडायचा, मीठ लावून पाट्याखाली दाबून ठेवायचा. तासाभरात ताटलीभर पाणी सुटतं. मग हळद, मसाला, आणि वरून तांदळाच्या पिठाचा नुसता हात फिरवायचा. तव्यावर टाकला की कडा कुरकुरीत होतात आणि आत लोण्यासारखा राहतो. मुलांना काटे काढून द्यावे लागत नाहीत, मधला काटासुद्धा मऊच असतो. मासे न खाणारी पोरं माझ्याकडे बोंबलापासून सुरुवात करतात.

याशिवाय मांदेली, करंदी, कोलंबी, वाकटी. तांदळाची भाकरी. आमटीला आमचा बाटली मसाला. त्याबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते: एप्रिल-मे महिन्यात मिरच्या आणि वीसएक जिन्नस उन्हात वाळवून, वेगवेगळे भाजून कुटतात, आणि काळपट काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागला की रंग जातो, म्हणून काळी बाटली. पूर्वी कुटायला बायका घरोघरी यायच्या, आता गिरणीतूनही आणतात. माझ्या सासूबाई अजून उखळच काढतात आणि मला त्यांचं प्रमाण अजून पूर्ण जमलेलं नाही. सणासुदीला फुगे करतो. आंबवलेल्या पिठाचे, तळलेले, आमच्या लग्नांत असतात तसे.

आम्ही शाकाहारी आहोत.

या. डाळ, भात, भाकरी, डोंगरीहून आलेली ताजी भाजी, उसळ, सोलकढी. भांडी वेगळी ठेवली आहेत. पण स्वयंपाकघर एकच आहे आणि त्यात रोज मासळी शिजते. ज्यांना हे चालणार नाही, विशेषतः जैन कुटुंबांना, मी स्वतःहून सांगते की तुम्हाला त्रास होईल. ते उत्तनला फिरून जातात, राहत नाहीत. खोटं आश्वासन मी देत नाही.

घराला मासळीचा वास येतो का?

गावाला येतो. पाऊस संपला की किनाऱ्यावर वलांड्या उभ्या राहतात, बांबूंच्या आडव्या-उभ्या रांगा. त्यांवर बोंबील सुकतो. जवळ जाऊन बघा कसा टांगतात ते. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक या बाजूला, एक त्या बाजूला. ना दोरा, ना खिळा. त्याच्याच दातांनी तो तिथे धरून राहतो. बायका बोलता बोलता टांगत जातात, हाताकडे बघतसुद्धा नाहीत. मी लग्नानंतर पहिल्यांदा करायला बसले तेव्हा संध्याकाळपर्यंत बोटांना बारीक बारीक चिरा पडल्या होत्या, आणि शेजारची मावशी माझ्या दुप्पट काम करून घरी गेली होती. ऊन चांगलं असेल तर तीन-चार दिवसांत बोंबील वाळतो. ढग आले की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, कारण अवेळी पाऊस झाला तर वलांडीवरचा सगळा माल जातो.

तर वास येतो. पहिल्या दिवशी जाणवतो, दुसऱ्या दिवशी नाही. नाकाला रुमाल लावून गावातून फिरू नका एवढीच विनंती आहे. आमच्या मुलांच्या शाळेच्या फिया त्या वासातून भरल्या जातात.

कधी यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा चांगली, मासळी चांगली.

जून-जुलैमध्ये यायचं तर वेगळ्या तयारीने या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ. बोटी वर ओढलेल्या, माणसं घरात, जाळी विणणं, डागडुजी, रंगरंगोटी. ताटात सुकी मासळी आणि कधी खाडीची मिळाली तर. समुद्र मात्र बघण्यासारखा असतो, व्हरांड्यातूनच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा दिवस. त्या सुमारास गावात जी लगबग असते ती बघायला मला स्वतःला सगळ्यात आवडतं. पावसाळ्यात निळ्या फुग्यासारखे जेलीफिश किनाऱ्याला लागतात. रंग सुंदर असतो, मुलं उचलायला धावतात. मेलेलासुद्धा डसतो. डसलाच तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, अंगाला चिकटलेले धागे चिमट्याने काढा, आणि दवाखाना.

८ सप्टेंबरला वेलंकनी मातेचा सण. त्याच्या आधीचे नऊ दिवस आणि तो दिवस, उत्तनच्या वेलंकनी तीर्थमंदिरात लांबलांबून माणसं येतात, रस्ता भरून जातो. त्या दिवसांत आमच्या खोल्या नात्यातल्या माणसांनी भरलेल्या असतात, बुकिंग घेत नाही.

आम्ही ख्रिस्ती नाही. चर्चमध्ये जाता येईल का?

जरूर. आमची मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक प्रार्थना, मराठीतून असते, त्यामुळे काय चाललं आहे ते तुम्हाला कळेल. मागच्या बाकावर शांत बसा. मिस्सा चालू असताना फोटो नको. नाताळच्या रात्री आलात तर आमच्याबरोबरच चला; थंडीचं काहीतरी अंगावर घ्या.

मुलं कंटाळणार नाहीत ना?

पहिली संध्याकाळ कंटाळतात. दुसऱ्या दिवशी बोट आली की मागे वळून बघत नाहीत. टोपल्या उतरतात, बायका मासळी निवडायला बसतात, कुठला मासा कुठल्या ढिगात जातो हे मुलं विचारत सुटतात. वाशीच्या एका सहा वर्षांच्या मुलाने मला विचारलं होतं, "मावशी, हा मासा सकाळी कुठे होता?" त्याला माझ्या यजमानांनी हाताने समुद्राकडे दाखवून सांगितलं, "त्या तिथे, जिथे पाण्याचा रंग बदलतो ना, त्याच्याही पलीकडे." तो बराच वेळ तिकडे बघत उभा राहिला. रोज ताटात येणारी वस्तू कुठून येते, कोणाच्या हातातून येते, हे मुलांना दिसावं, यासाठी मी हे घर चालवते. पैसे तर लागतातच, पण नुसत्या पैशासाठी एवढी माणसं घरात घेतली नसती.

तुमच्या बोटीतून समुद्रात न्याल का?

नाही. बोटीचा परवाना मासेमारीचा आहे, प्रवासी नेण्याचा नाही. बोटीवर जाणाऱ्या प्रत्येकाकडे मच्छीमाराचं ओळखपत्र असावं लागतं. कोणी किनाऱ्यावर पैसे घेऊन नेतो म्हणाला तरी जाऊ नका. नांगरलेल्या बोटीवर चढून फोटो काढायचा असेल तर मालकाला विचारा, आणि चप्पल काढून चढा.

जवळ बघण्यासारखं काय आहे?

चौकला जंजिरे धारावी या किल्ल्याचे अवशेष आहेत. तिथून वसईच्या खाडीचं तोंड दिसतं आणि पलीकडे वसई. ही जागा हातात असल्याशिवाय खाडीत येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवता येत नव्हती. म्हणून चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३९ च्या मार्चमध्ये आधी धारावी घेतली, आणि मे महिन्यात वसई पडली. मुलांच्या पुस्तकात एका ओळीत असलेली गोष्ट तिथे उभं राहिलं की समजते. संध्याकाळी जा.

गोराईकडे विपश्यनेचा पॅगोडा आहे, २००९ पासून लोकांसाठी आहे. आतल्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि ८,००० माणसं बसू शकतात. वयस्कर माणसांना तिथली शांतता फार आवडते. दोन्ही जागा एका दिवसात होतात, पण मी म्हणेन एकच करा आणि दुपारी घरी येऊन झोपा.

दारू, गाणी, वाढदिवस?

केक कापा, गाणी म्हणा. स्पीकर नाही. यजमान आणि दीर पहाटे, कधी मध्यरात्री निघतात. त्यांची झोप मोडली तर समुद्रावर चूक होते. रात्री दहानंतर व्हरांड्यातही हळू बोला. दारूच्या पार्टीसाठी खोली देत नाही.

बुकिंग कसं करायचं?

फक्त फोनवर. पूर्वी आम्ही एका बुकिंगच्या संकेतस्थळावर होतो. तिथे कोणीतरी आमच्या घराच्या नावाखाली दुसऱ्याच कुठल्या तरी जागेचे फोटो लावले, निळ्या तलावाचे. नेरूळचं एक कुटुंब पोहण्याचे कपडे घालूनच मुलांना घेऊन आलं. मुलं पायरीवर बसून रडली. चूक आमची नव्हती, पण रडणारी मुलं आमच्या दारात होती. पैसे परत केले, जेवू घातलं, आणि त्या दिवसापासून संकेतस्थळ बंद केलं. आता फोटो मी स्वतः पाठवते. आहे तसे, वलांड्यांसकट.

अर्धे पैसे आधी, अर्धे आल्यावर. चार दिवस आधी रद्द केलंत तर सगळे परत. वादळाचा इशारा असेल तर शेवटच्या दिवशीही सगळे परत. मोठ्या माणसांची आधार कार्डं आणा. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे घेत नाही.

रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं तर?

गावात डॉक्टर आहेत. मोठं काही असेल तर भाईंदर पश्चिमेला टेंभ्याचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०८. समुद्रावर काही झालं तर पोलिसांच्या सागरी सुरक्षेचा क्रमांक १०९३, तटरक्षक दलाचा १५५४. हे क्रमांक प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेले आहेत. रोजची औषधं मात्र घरून मोजून आणा, रात्री इथे मिळणार नाहीत.

कुत्रा आणू का?

नको. किनाऱ्यावर मासळी वाळत असते आणि गावचे कुत्रे परक्याला राहू देत नाहीत.

जाताना सुकी मासळी मिळेल का?

मिळेल. बोंबील, जवळा, करंदी, वाकटी, हंगामात जे असेल ते. शेजारच्या बायकांकडून घ्या, मी ओळख करून देते. भाव त्यांच्याशीच बोला आणि फार घासाघीस करू नका. चांगला बोंबील हातात घेतला की हलका लागतो, वाकवला की कटकन मोडतो, आणि रंगाने पिवळट-सोनेरी असतो. लवचिक लागला तर आत ओल आहे, घेऊ नका.

लोकलने जाणार असाल तर आधी सांगा, बांधून देते. आधी वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिकची पिशवी, तोंड मेणबत्तीवर चिकटवून बंद, त्यावर पुन्हा वर्तमानपत्र, आणि मग स्टीलच्या डब्यात. एवढं केलं की दादरपर्यंत शेजारच्याला पत्ता लागत नाही. घरी गेल्यावर मात्र लगेच डबा उघडा, पिशवी फाडा आणि बोंबील एक दिवस गॅलरीत उन्हाला ठेवा. मग बरणीत भरा, आणि वापरण्याआधी डोकं-शेपूट काढून, तुकडे करून कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवा.